'द इन्सायडर'वरची चर्चा कुठून सुरू करावी?

कोथरूडच्या तुमच्या फिल्म क्लबात 'द इन्सायडर' (१९९९) दाखवायचाय आणि 'मुलाखत खरी होती, तर सीबीएसनं (अमेरिकेतली दूरचित्रवाणी वाहिनी) दाबली का?' इथे मंडळी अडतात, असं तुम्ही लिहिलंय. अडणारच. सगळ्यांच्या डोक्यात बदनामीचा खटला असतो आणि तिथे खरेपणा हाच बचाव. वाहिनीच्या वकिलांना धास्ती होती वेगळ्याच दाव्याची. मुलाखत देणारा जेफ्री वायगँड हा ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीतला माजी संशोधनप्रमुख गोपनीयतेच्या करारानं बांधलेला होता. तो करार मोडायला वाहिनीनं त्याला उद्युक्त केलं, असा दावा झाला असता. त्यात खरेपणा कामाला येत नाही. उलट माहिती जितकी खरी, तितकं कंपनीचं नुकसान मोठं, आणि भरपाईही. जीना गर्शननं केलेली वकीलबाई बैठकीत हेच सांगते, पण इतकं भरभर की निसटून जातं. चर्चेआधी तेवढा प्रसंग पुन्हा लावा.

भीती अगदीच हवेतली नव्हती. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर १० अब्ज डॉलरचा दावा लावला होता आणि ऑगस्ट १९९५मध्ये एबीसीनं माफी मागून तो मिटवला. त्याच सुमारास सीबीएसची वेस्टिंगहाउस या कंपनीला विक्री ठरत होती. त्यात सीबीएसचे प्रमुख लॉरेन्स टिश यांच्या घराण्याकडे लॉरिलार्ड ही सिगारेट कंपनी! दावा हरण्याची भीती किती आणि सौदा फिसकटण्याची किती, हा खरा वादाचा मुद्दा. माझं झुकतं माप सौद्याच्या भीतीकडे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाका. चित्रपटात सिगारेट कंपन्यांविरुद्धच्या खटल्यातली वायगँडची मिसिसिपीतली साक्ष आधी येते आणि वाहिनी नंतर कच खाते. प्रत्यक्षात क्रम उलटा होता: मुलाखतीला कात्री लावलेला कार्यक्रम १२ नोव्हेंबर १९९५ला गेला, साक्ष झाली २९ नोव्हेंबरला. २६ जानेवारी १९९६ला वॉल स्ट्रीट जर्नलनं ती साक्ष छापली आणि ४ फेब्रुवारीला पूर्ण मुलाखत दाखवली गेली. मजकूर एकदा छापून आल्यावर गोपनीयतेच्या दाव्यात फारसा दम उरत नाही. हा क्रम फळ्यावर लिहून ठेवा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. वायगँडच्या टपालपेटीत सापडलेल्या बंदुकीच्या गोळीवर मात्र वाद रंगवू नका. ती कोणी ठेवली हे कधीच सिद्ध झालेलं नाही.

हिंजवडीतली पोरं आली तर 'आपल्याकडे काय?' हे विचारणारच, कारण रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर सह्या त्यांनीही केलेल्या असतात. २०१४चा जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा मंजूर झाला, पण अंमलात आलेला नाही. शिवाय तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरताच. खासगी क्षेत्रात आधार आहे तो कंपनी कायदा २०१३च्या कलम १७७चा. सूचीबद्ध कंपन्यांना तक्रारीची यंत्रणा ठेवावीच लागते आणि गरज पडल्यास तक्रारदाराला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता यायला हवं. पत्रकाराकडे जाणाऱ्याला मात्र हे कलम वाचवत नाही.

बाकी व्यवस्था सोपी. चित्रपट १५७ मिनिटांचा, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या पुढे सुरू केलात तर चर्चेला माणसं थांबणार नाहीत. मध्यंतर साक्षीच्या प्रसंगानंतर घ्या. संवाद बरेचदा पुटपुटल्यासारखे आहेत, सबटायटल हवीतच. रात्रीचे प्रसंगही पुष्कळ; खिडक्यांना जाड पडदे नसतील तर गोल्फच्या मैदानावरचा प्रसंग कुणाला दिसायचाच नाही.