वाचकांचे प्रश्न : अघोरी प्रथा, वाळीत टाकणे आणि पोलीस ठाण्यातली तक्रार

प्रश्न : आमच्या भागात एक बाबा ‘बाहेरची बाधा’ काढतो म्हणून बायकांना मिरचीच्या धुरीत कोंडतो. ‘हा माणूस अंधश्रद्धा पसरवतो’ असा अर्ज आम्ही पोलीस ठाण्यात दिला. गुन्हा नोंदला नाही. मग कायदा कशाला केला?
– एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : कायदा तुमच्या बाजूचा आहे, अर्ज मात्र कच्चा राहिला. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ‘अंधश्रद्धा पसरवणे’ असा गुन्हाच नाही. त्याला जोडलेल्या अनुसूचीत, म्हणजे कृत्यांच्या यादीत, बारा नोंदी आहेत आणि गुन्हा त्यांतल्या कृत्याचाच होतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने वा साखळीने बांधणे, काठी-चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हेही आहे.

म्हणून अर्जात बाबाबद्दलचे मत नको. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या घरी, कोणाला कोंडले, किती वेळ, पैसे किती घेतले, कोणी पाहिले, एवढेच लिहा. बाईला खोकला, उलटी, डोळ्यांची जळजळ झाली असेल तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या आणि केसपेपर जोडा. चार दिवसांनी डॉक्टरला काही दिसत नाही आणि सारा खटला साक्षीदारांच्या तोंडी सांगण्यावर येतो. साक्षीदार गावातलेच, त्यामुळे तिथेच तो ढिला पडतो.

शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र (पोलिसांना थेट नोंदवता येणारा) आणि अजामीनपात्र आहे. ‘आधी प्राथमिक चौकशी करू’ असे सांगितले गेले, तर लक्षात ठेवा : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या सध्याच्या कायद्याच्या) कलम १७३मधली चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. इथे शिक्षा सातपर्यंत जाते. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या. नकार मिळाला तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोचपावती जपा. तिथेही काही हलले नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. आधीच्या दोन पायऱ्यांचे कागद नसतील तर हा अर्ज तिथेच अडतो.

प्रश्न : जादूटोणाविरोधी कायद्यात कृत्यांची एवढी मोजून-मापून यादी का? सरळ सगळ्या बुवाबाजीवर बंदी का घातली नाही?
– निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : फौजदारी कायद्याचा शब्द सैल असला की तो न्यायालयात टिकत नाही आणि टिकला तरी भलत्यालाच लागतो. याचा अनुभव आपल्या राज्याला जुना आहे. तत्कालीन मुंबई राज्याने १९४९मध्ये माणसाला समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला, कारण धर्मसंप्रदायाला आपला धार्मिक कारभार पाहण्याचा घटनेच्या कलम २६ने दिलेला हक्क त्यामुळे दुखावला जात होता.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, त्यालाही ‘श्रद्धेवर घाला’ याच आक्षेपाने रोखून धरले होते. २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधेयक मंजूर झाले. जो कायदा झाला तो श्रद्धेला हात लावत नाही, इजा आणि फसवणूक करणाऱ्या कृत्यांना लावतो. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना तो लागू नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. काहींना हा कायदा तोकडा वाटतो. आमच्या मते त्याचे बळ या नेमकेपणातच आहे, फक्त तक्रारही तितकीच नेमकी हवी.

प्रश्न : मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून पंचांनी आम्हाला वाळीत टाकले. लेखी काहीच नाही. सिद्ध कसे करायचे?
– एक कुटुंब, जत तालुका

उत्तर : पंच लेखी देतच नाहीत, म्हणून परिणामांची नोंद ठेवा. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६चा, जुलै २०१७पासून लागू आहे. लग्नकार्यात वा अंत्यविधीत येऊ न देणे, समाजमंदिर, स्मशानभूमी, पाणवठा बंद करणे, व्यवहार तोडणे ही त्यात गुन्ह्याची रूपे आहेत. कोणत्या दुकानदाराने कधी माल नाकारला, कोणते आमंत्रण ऐनवेळी परत घेतले, ‘समाजात परत घेण्यासाठी’ दंड किती मागितला, हे वहीत तारखेनिशी लिहा. दुसऱ्या गावचे नातेवाईक साक्षीला जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांच्यावर गावाचा दाब कमी असतो.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे पण जामीनपात्र. पंच लवकर सुटून येतात आणि दबाव सुरू होतो. म्हणून महत्त्वाच्या साक्षीदारांचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवण्याची मागणी तपास अधिकाऱ्याकडे लगेच, लेखी करा. चावडीवर बसून केलेल्या तडजोडीने खटला संपत नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. पंचायत बसणार असल्याची खबर आधीच लागली तर पोलिसांसोबत जिल्हाधिकाऱ्यांनाही लेखी कळवा, बैठकीला मनाई करता येते.

प्रश्न : पंचायतीचा व्हिडिओ मोबाइलमध्ये आहे. तो चालेल का?
– तेच कुटुंब

उत्तर : चालेल, पण जपा. ज्या फोनवर चित्रण केले तो विकू नका, रीसेट करू नका, व्हिडिओ कापू नका. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की फाइल दाबली जाते आणि मूळ फाइलशी जुळत नाही. केबलने पेनड्राइव्हवर उतरवा.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे अशा प्रतीसोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते : भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यापासून काढलेला अंक-अक्षरांचा ठसा, लिहावा लागतो. फाइलमध्ये जरा बदल झाला की हा ठसा बदलतो आणि समोरचा वकील तेवढेच धरून बसतो. आधीच्या भारतीय पुरावा कायद्यातही प्रमाणपत्र लागत होतेच. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये ते सक्तीचे ठरवले. मात्र मूळ फोनच न्यायालयात हजर करून मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, असेही त्यात म्हटले आहे. म्हणून पोलिसांनी फोन जप्त केला तर पंचनाम्यात कंपनी, मॉडेल आणि आयएमईआय (त्या फोनचा स्वतंत्र ओळख) क्रमांक बरोबर उतरला आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्या.