सीटी नॉर्मल, तरी लकव्याचं इंजेक्शन का?
लकव्याच्या पेशंटचा निपाणीत काढलेला डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल, तरी बेळगावचे डॉक्टर मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊ म्हणतात, हे बरोबर का? बरोबरच. साधा सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे बघायला. गुठळीचं नुकसान सुरुवातीच्या तासांत त्यात बऱ्याचदा दिसतच नाही. इंजेक्शनची मुदत ४.५ तास, तीही पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. झोपेतून उठल्यावर तोंड वाकडं दिसलं, तर रात्री झोपल्याची वेळ सांगा; घरचे हमखास इथंच चुकतात. अशा वेळी एमआरआय उपयोगी: त्यातल्या डिफ्युजन नावाच्या चित्रांत पांढरा डाग, फ्लेअर नावाच्या चित्रांत अजून काही नाही, तर इंजेक्शनला वाव असतो. मोठी शीर बंद आहे का, ते सीटी अँजिओग्राफीत (शिरांत औषध सोडून काढलेल्या सीटीत) कळतं; मग गुठळी नळीवाटे ओढून काढतात, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत. पहिल्या दवाखान्यातून निघताना स्कॅनच्या फिल्मबरोबर सीडीही घ्या. सीटीआधी अ‍ॅस्पिरिन मात्र नको.