कूबर पेडीत दोन दिवस, वाद्यांसह

प्रश्न: ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात जुलैमध्ये कूबर पेडी या ओपल रत्नाच्या खाणींच्या गावी दोन दिवस मुक्काम आहे. सोबत गिटार आणि तबला. काय सांभाळावं, काय पाहावं?

उत्तर: खोली जमिनीखालचीच घ्या. बाहेर रात्री कडाक्याची थंडी असली तरी आत साधारण 23 ते 25 अंश राहतं. खरा त्रास कोरड्या हवेचा. गिटारचं लाकूड आकसतं, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बोटांना टोचू लागतात. गिटारच्या केसमध्ये ह्युमिडिफायर (हवा ओलसर ठेवणारं साधन) ठेवून आर्द्रता 45-50 टक्के राखा. तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणली जाऊन स्वर चढतो. गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) वर ठोकून ताण उतरवा, मगच सूर लावा. गाडीत वाद्यं ठेवणं नकोच.

मोकळ्या वेळात चाळणी घेऊन खाणीतून काढलेल्या मातीच्या सार्वजनिक ढिगाऱ्यांत ओपल शोधा. फोटो काढताना मागे सरकू नका, आसपास उघडे खाणखड्डे आहेत!