वाचकांचे प्रश्न : गावाची सनद आणि मतपत्रिका

प्रश्न : मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावच्या निवडणुकीत यंदा चार्टर, म्हणजे गावाच्या कारभाराची सनद, बदलण्याचा प्रश्न आहे. मतपत्रिकेवरचा सारांश वाचूनही नीट उमगत नाही. काय पाहावं?

उत्तर : सारांश गावाचा वकील लिहितो, तो खोटा नसतो, पण त्रोटक असतो. मतदानाच्या किमान दोन आठवडे आधी प्रस्तावाची छापील प्रत मतदारांच्या घरी यायला हवी. नाहीच आली तर टाउन क्लार्ककडे, म्हणजे गावाची दप्तरं आणि निवडणुका सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, मागा. जुनी आणि नवी कलमं शेजारी ठेवून वाचा. समजा, खजिनदार आज निवडून येतो आणि पुढे नेमला जाणार आहे. मग नेमणार कोण, काढणार कोण, मुदत किती आणि आत्ताच्या खजिनदाराचं काय, ही चारही उत्तरं मजकुरात सापडली पाहिजेत. शेवटचं उत्तर बहुधा अगदी तळाच्या संक्रमण-कलमात, म्हणजे जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत कसं जायचं ते सांगणाऱ्या कलमात, असतं, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत.

प्रश्न : हा प्रस्ताव ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, तपासलाय म्हणे. मग काळजी कशाला?

उत्तर : ती तपासणी प्रस्ताव राज्याच्या घटनेशी व कायद्यांशी विसंगत नाही ना, एवढ्यापुरतीच. बदल गावाच्या हिताचा आहे की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. सिलेक्ट बोर्डाची, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाची, रचना किंवा मुदत बदलायची असेल तर तसा प्रस्ताव मांडायला टाउन मीटिंगचं, म्हणजे गावाचे नियम ठरवणाऱ्या सभेचं, दोनतृतीयांश मतही पुरत नाही. त्यासाठी निवडून आलेला नऊजणांचा चार्टर कमिशन, म्हणजे सनद तपासणारा आयोगच लागतो.

प्रश्न : रकाना कोरा ठेवला तर ‘नाही’ धरतात का?

उत्तर : नाही. त्या प्रश्नावर पडलेल्या मतांचंच बहुमत मोजतात.