गाय म्हणजे मोठा उंदीर नव्हे

प्रश्न असा आहे: "भ्रूणातल्या कुठल्या पेशी वार बनवणार आणि कुठल्या पिल्लू, हे सगळ्या सस्तन प्राण्यांत एकाच पद्धतीनं ठरतं का? पुस्तकात तर एकच आकृती असते."

ती आकृती उंदराची असते. खाली 'सस्तन प्राणी' लिहिलं की लेखक मोकळे.

2004 साली मी युरोपातल्या एका लॅबमध्ये गायीच्या भ्रूणांवर पीएचडी करत होते. कत्तलखान्यातून थर्मासमध्ये अंडाशयं यायची, त्यातून सुईनं अंडी ओढायची, लॅबमध्ये फलित करायची. सातव्या दिवशी शंभरातली पंचवीस-तीस ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे बाहेर पेशींचा एक थर आणि आत एक पुंजका अशा पोकळ चेंडूपर्यंत, पोचली की आमची दिवाळी. त्यांचं ऑक्ट-4साठी स्टेनिंग केलं, म्हणजे हे प्रथिन जिथे असेल तिथे ॲन्टिबॉडीनं हिरवं चमकवलं. पाठ केलेलं असं, की वार बनवणाऱ्या बाहेरच्या थरात सीडीएक्स-2 हे दुसरं प्रथिन चढतं आणि ऑक्ट-4ला बंद पाडतं, ऑक्ट-4 फक्त पिल्लू बनवणाऱ्या आतल्या पुंजक्यात उरतं. मायक्रोस्कोपखाली बघते तर बाहेरचं अख्खं कडंही हिरवंगार.

गाइडची हयात उंदरांत गेलेली. मान वर न करता म्हणाले, "बॅकग्राउंड आहे. ॲन्टिबॉडी बदल." बॅकग्राउंड म्हणजे ॲन्टिबॉडी भलतीकडे चिकटून दिसणारी खोटी चमक. बदलली. तेच. पुन्हा बदलली. तेच. नुसत्या सेकंडरीची, म्हणजे फक्त चमक देणाऱ्या दुसऱ्या ॲन्टिबॉडीची, स्लाइड काळीकुट्ट. शेवटी एकाच स्लाइडवर उंदराची आणि गायीची भ्रूणं शेजारी शेजारी ठेवली. उंदरात हिरवं फक्त आत, गायीत सगळीकडे. बॅकग्राउंड धुरकट पसरतं हो, हे एकेका केंद्रकात नेमकं बसलेलं! तरी तो फोटो प्रबंधाच्या परिशिष्टात गेला. गाय आणि डुकराबद्दल हेच 2000 साली छापून आलं होतं. तेव्हा मीही ते वाचलेलं नव्हतं, हे कबूल.

2011 मध्ये न्यूझीलंडच्या एका गटानं सोक्षमोक्ष लावला. गायीच्या ब्लास्टोसिस्टचा बाहेरचा थर तयार झाल्यावरही त्यातल्या पेशी आतल्या पुंजक्यात सामील होऊ शकतात. ऑक्ट-4 लवकर बंद करायची सोय उंदरानं स्वतःपुरती करून घेतली आहे. त्याला घाईच असते, पाचव्या दिवसाच्या आत गर्भाशयाला चिकटायचं असतं. गायीचं भ्रूण दोऱ्यासारखं लांबत जातं आणि तिसऱ्या आठवड्यात कुठे चिकटायला लागतं.

माणसाचं आणखी वेगळं. 2017 मध्ये लंडनमध्ये क्रिस्पर या जनुकं कापायच्या तंत्रानं ऑक्ट-4 काढलं, तर बहुतेक भ्रूणं ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचलीच नाहीत. उंदीर ऑक्ट-4 नसतानाही तिथवर पोचतो.

हां, अगदी सुरुवात मात्र बरीच सारखी आहे: बाहेरच्या पेशींना आत-बाहेर अशी दिशा येते, याप नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं, वारेकडे नेणारं गाटा-3 हे जनुक चालू होतं. 2020 मध्ये उंदीर, गाय आणि माणूस तिन्हींत हे दिसलं. म्हणजे गाइड पूर्ण चूक नव्हते. त्या स्लाइडबाबत होते.

तुम्ही म्हशीवर काम करणार असाल, तर पहिल्याच दिवसापासून त्याच स्लाइडवर उंदराची भ्रूणं ठेवा. कुणी ॲन्टिबॉडी बदलायला सांगितली तर एकदा बदला. मी दोनदा बदलली, त्यात सहा महिने गेले.