धनुष्यबाणाने हरणाची शिकार करताना झाडावरचा स्टँड किती उंचीवर बांधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहता, हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा (नव्या शिकाऱ्यांसाठीचा) कोर्स झालाय, कंपाउंड बो (कप्प्यांचं धनुष्य) घेतलाय आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात या ऑक्टोबरात पहिल्यांदा स्टँडवर, म्हणजे झाडाला बांधलेल्या बसायच्या फळीवर, बसणार आहात. ऑफिसातली मंडळी सांगतात की पंचवीस-तीस फुटांखाली बसलात तर हरीण तुम्हाला हेरणारच. तुम्हाला उंचीची धास्ती वाटते, म्हणून १५ फूट चालतील का, असं विचारताय.

चालतील. पाठीमागे चांगला आडोसा असेल तर उघड्या खोडावरच्या २५ फुटांपेक्षा ते १५ फूट सरस आहेत. मी मध्य पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ रानात बरीच वर्षं धनुष्यानेच शिकार करतो आणि माझे बहुतेक स्टँड १६ ते २० फुटांच्या दरम्यान असतात. आकडा आधी ठरवून रानात जाऊच नये. झाड कसलं आहे, जमिनीला उतार किती आहे, हरणाची वाट खोडापासून किती लांब आहे, हे पाहिलं की उंची ठरते.

आधी हरणाला काय दिसतं ते बघू. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला आजूबाजूचं जवळजवळ ३०० अंशांतलं दिसतं. बाहुली आडवी, आणि डोळ्याच्या पडद्यावर ज्या पट्ट्यात पेशी सर्वांत दाट असतात तो पट्टाही आडवाच. म्हणजे क्षितिजाच्या पातळीत काहीही हललं की त्याच्या लगेच लक्षात येतं. लाल-नारिंगी रंग त्याला नीट कळत नाहीत, निळा मात्र चांगला कळतो. तेव्हा निळी जीन्स घालून झाडावर चढू नका. आपण वर जातो ते या आडव्या पट्ट्यातून बाहेर पडायला. त्यासाठी १५-१६ फूट सहसा पुरतात.

पण हरीण वर बघतच नाही, ही समजूत डोक्यातून काढा. ज्या रानात दरवर्षी माणसं झाडांवर बसतात तिथल्या म्हाताऱ्या माद्या वर बघायला शिकलेल्या असतात. शंका आली की ती जागच्या जागी थबकते. मग डोकं खाली घालून चरल्यासारखं करते आणि तुम्ही जरा सैलावलात की झटकन मान वर करून थेट तुमच्याकडे बघते. पुढचा पाय जमिनीवर आपटते. अशा वेळी तुम्ही पकडले जाता ते हालचालीमुळे, किंवा उजळ आकाशावर उठून दिसणाऱ्या तुमच्या काळ्या आकृतीमुळे. आणखी दहा फूट वर चढल्याने ही आकृती पुष्कळदा जास्तच उघडी पडते, कारण जितकं वर जाल तितक्या फांद्या विरळ होतात आणि पाठीमागे नुसतं आकाश उरतं.

म्हणून माझा पहिला निकष आडोशाचा. भारतात असताना मी बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्रभर बसलो होतो. तिथे मचाण बांधणारे गावातले लोक चारी बाजूंनी फांद्या कशा लावतात ते बघण्यासारखं असतं. बसलेल्या माणसाचा छातीपासूनचा आकार पूर्ण मोडतो. इथेही तेच हवं. खोड तुमच्या अंगापेक्षा रुंद असावं, किंवा एकाच बुंध्यातून दोन-तीन खोडं निघालेली असावीत, म्हणजे पाठीमागे काहीतरी भरीव राहतं. आणि झाड निवडताना आजचं रान बघू नका, नोव्हेंबरातलं बघा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सगळंच हिरवंगार असतं. नर माजावर येतात तो नोव्हेंबरचा मध्य येईपर्यंत मेपल आणि ट्यूलिप पॉपलर पार बोडके झालेले असतात. ओक आपली वाळकी पानं बराच काळ धरून ठेवतात, कोवळे बीच तर हिवाळाभर. हेमलॉक सदाहरित. शेजारी असं एखादं झाड असेल तर तिथली जागा आधी बघा.

हे तपासायची माझी पद्धत सोपी आहे. मित्राला हार्नेस (पडल्यास धरून ठेवणारे अंगावरचे पट्टे) घालून स्टँडवर बसवायचं आणि आपण हरणाच्या वाटेने, वाकून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून चालत यायचं. मित्राला धनुष्य उचलायला सांगायचं. त्याचा हात कुठून कुठवर दिसतो ते तिथे कळतं. कधी दोन फूट खाली उतरल्यावर तो एखाद्या फांदीआड नाहीसा होतो. ती उंची त्या झाडासाठी बरोबर.

दुसरा निकष बाणाच्या कोनाचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच, कारण जनावर तडफडत मरणार की काही क्षणांत खाली बसणार हे त्यावर ठरतं. हिशेब करून दाखवतो. फळी २० फुटांवर असेल तर उभ्या माणसाचा बाण साधारण २५ फुटांवरून सुटतो. हरणाची छाती जमिनीपासून अडीच फुटांवर धरू. हरीण २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर असेल तर बाण सुमारे २० अंशांनी खाली उतरतो. छान कोन आहे. दोन्ही फुप्फुसं मिळतात. तेच हरीण १० यार्डांवर आलं तर कोन सुमारे ३७ अंश होतो. आता फळी ३० फुटांवर न्या. १० यार्डांवर कोन ४७ अंशांच्या पुढे जातो. १५ फुटांच्या फळीवरून तो ३० अंशांच्या आसपासच राहतो.

कोन असा तीव्र झाला की लक्ष्य अरुंद होतं. वरून बघताना पाठीचा कणा आणि खांद्याची हाडं फुप्फुसांच्या वर येतात. बाण जवळच्या फुप्फुसाचा वरचा भाग छेदून पलीकडचं फुप्फुस चुकवत छातीच्या तळातून बाहेर पडू शकतो. एकच फुप्फुस गेलेलं हरीण खूप लांब पळतं आणि कित्येकदा सापडतच नाही. दोन्ही गेली तर ते सहसा शंभरेक यार्डांच्या आत पडतं. म्हणून कधीही बाण आत कुठे शिरेल याआधी पलीकडून कुठे निघेल ते ठरवा: पलीकडच्या पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तिथून मागे रेघ ओढा, नेम आपोआप मिळेल. आणि हरीण झाडाच्या अगदी बुंध्याशी आलं तर सोडू नका, पुढे जाऊ द्या.

याचाच दुसरा अर्थ असा की उंचीआधी अंतर ठरवा. वाट खोडापासून १५ ते २२ यार्डांवर राहील असं झाड शोधा. वाट अगदी जवळून जात असेल तर उंची कमी करा, किंवा वाटेपासून लांबचं झाड घ्या.

नेम खाली पाडावा लागतो का, हेही लोक विचारतात. गुरुत्वाकर्षण आडव्या अंतरावर काम करतं. वरच्या २० यार्डांच्या उदाहरणात तिरकं अंतर भरतं २१.४ यार्ड, म्हणजे फरक नगण्य. कोन धरून अंतर सांगणारा रेंजफाइंडर असेल तर उत्तम, नसेल तर स्टँडखाली उभं राहून आसपासच्या झाडांची अंतरं आधीच मोजून ठेवा. बाण चुकतो तो शरीर बिघडल्यामुळे. माणूस हात खाली झुकवतो, मग अँकर पॉइंट (दोरी ओढल्यावर हात चेहऱ्याशी जिथे टेकतो ती जागा) सरकतो आणि पिन (धनुष्यावरची नेम धरायची खूण) खोटी ठरते. आधी समोर सरळ धरून दोरी ओढा, मग कमरेतून वाका. हा सराव अंगणात उभं राहून होत नाही. माझ्या शेजाऱ्याच्या खळ्याच्या माळ्यावरून आम्ही सप्टेंबरभर खालच्या फोमच्या हरणावर बाण सोडतो, हार्नेस घालून आणि बसूनसुद्धा. तुमच्या शेतकऱ्याकडे असं काही नसेल तर स्टँडच दोन-तीन आठवडे आधी बांधून तिथून सराव करा.

तुमच्याकडे टेकड्या आहेत, म्हणून उताराचं सांगायलाच हवं. सपाट जमिनीवरचे आकडे उतारावर निरर्थक होतात. २० अंशांच्या उतारावर आडव्या अंतराने ६० फूट वरच्या अंगाला गेलात की जमीन जवळजवळ २२ फूट चढलेली असते. म्हणजे तुम्ही बुंध्याजवळच्या जमिनीपासून २० फूट उंचीवर बसलेले, आणि वरच्या अंगाला २० यार्डांवरून जाणारं हरीण तुमच्या पावलांपेक्षाही थोडं उंच उभं! त्याच्यासाठी तुम्ही जमिनीवरच आहात. तेच खालच्या अंगाला २० यार्डांवर असेल तर कोन ३६ अंशांच्या पुढे जातो. अशा ठिकाणी वाटेच्या वरच्या अंगाचं झाड निवडा आणि स्टँड १२-१५ फुटांवरच ठेवा. उतार तुम्हाला उरलेली उंची देतो.

वासाबद्दल थोडक्यात. उंच बसलं की वास डोक्यावरून जातो, हे थोड्या अंतरापुरतं खरं आहे. पुढे वाऱ्याखाली तो जमिनीवर येतोच. टेकड्यांत सकाळी ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते आणि संध्याकाळी गारवा आला की खाली दरीकडे ओघळते. संध्याकाळी हरीण खालून येणार असेल तर तुम्ही ३० फुटांवर असलात तरी त्याला कळणार. त्यावर उपाय एकच, त्या दिवशी त्या झाडावर न बसणं.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती बाळगा, घालवू नका. पण १५ फूट म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. दहा फुटांवरून पडूनही मणका मोडतो. बहुतेक अपघात बसलेले असताना होत नाहीत, चढता-उतरताना आणि शिडीवरून फळीवर पाऊल टाकताना होतात. म्हणून जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत दोरीशी जोडलेलं राहायचं. पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, नुसता कमरपट्टा नको. स्टँड बांधताना लाइनमन्स बेल्ट (खोडाभोवती फिरवून हार्नेसला अडकवायचा दोर) वापरा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. त्यानंतर फळीच्या वरपासून बुंध्यापर्यंत एक लाइफलाइन सोडा. तिच्यावरची प्रुसिक गाठ चढताना तुम्ही वर सरकवत न्यायची; झटका बसला की ती आवळते आणि तुम्हाला धरते. वर टेदर (हार्नेसला झाडाशी जोडणारा पट्टा) डोक्याच्या पातळीपेक्षा उंच बांधा, बसल्यावर त्यात ढील उरता कामा नये. हार्नेससोबत पाय टेकवायचा पट्टा येतो, तो खिशात हाताशी ठेवा. लटकून राहिल्यास पायांत रक्त साचतं आणि ते काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. त्या पट्ट्यावर उभं राहिलं की रक्त फिरतं राहतं. धनुष्य खांद्याला लावून कधीही चढू नका. दोरीला बांधून खाली ठेवा, वर पोचून जोडले गेलात की मग ओढून घ्या. बाणांची पाती झाकलेलीच असली पाहिजेत.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्या घरांत हे शिकवणारं कुणी उरलेलं नाही. इथल्या मुलांना वडील-आजोबा झाडाखाली उभं राहून दाखवतात. तुम्ही पहिल्या चढाईला अनुभवी माणूस सोबत घ्या, संकोच करू नका. आणि कुठे बसलाय, किती वाजता उतरणार, हे घरी सांगून जा.

पहिल्या वर्षी लटकत्या स्टँडच्या भानगडीत पडण्यापेक्षा दोन पट्ट्यांनी खोडाला आवळलेला शिडीचा स्टँड घ्या, असं मी सुचवेन. त्याची फळी बहुधा १५ ते १८ फुटांवरच येते. पुढे आडवा कठडा असतो, त्यामुळे उंचीची धास्ती पुष्कळ कमी होते. तो उभा करायला मात्र तीन माणसं लागतात. गेल्या वर्षीचा स्टँड झाडावर तसाच असेल तर पट्टे बदलल्याशिवाय चढू नका. ऊन त्यांना खातं, खारी कुरतडतात आणि झाडाचं खोड जाड होऊन ते ताणले जातात. खोडात खिळे किंवा स्क्रूच्या पायऱ्या ठोकायच्या असतील तर शेतकऱ्याची परवानगी हवी, आणि पुढे स्टेट गेम लँड्सवर (राज्याच्या मालकीच्या शिकारीच्या रानांत) गेलात तर तिथे त्या चालतच नाहीत. तिथे स्टँडवर तुमची ओळख सांगणारी चिठ्ठी लावावी लागते, आणि तो हरणांचा पहिला हंगाम सुरू होण्याआधी दोन आठवड्यांपासून शेवटचा संपल्यावर दोन आठवड्यांपर्यंतच ठेवता येतो.