बर्फातला ताड

प्रश्न : मी रावेरची. मुलगा जर्मनीत म्युनिकजवळ राहतो. त्याने अंगणात पंखापानांचा ताड लावलाय. तिथे बर्फ पडतो. झाड जगेल का?

उत्तर : ताई, जात कोणती ते आधी विचारा. चिनी पंखाताड, म्हणजे ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी असेल, तर मुरलेलं झाड उणे 15 अंशांच्या आसपासची थंडी काढतं. नारळ असता तर मी ‘घरात घ्या’ एवढंच लिहिलं असतं.

तुम्ही रावेरच्या केळीवाल्या, चरका, म्हणजे थंडीने पिकाला बसणारा फटका, तुम्हाला काय सांगायचा! पण एक फरक आहे. केळीला खालून पील, म्हणजे नवा कोंब फुटतो, या ताडाला नाही. त्याला शेंडा एकच; तो कुजला की झाड गेलं. पानं करपली तरी घाबरू नका.

कडाका सुरू होण्याआधी पानं वर गोळा करून सुतळीने सैल बांधायची, भोवती गोणपाट गुंडाळायचं, बुंध्याशी वीतभर वाळका पाला पसरायचा. शेंड्यात पावसाचं पाणी साचू द्यायचं नाही, वरून आडोसा हवाच. ओली थंडी कोरडीपेक्षा वाईट. प्लॅस्टिक मात्र नको. मी एका हिवाळ्यात नारळाच्या रोपाला खताची पिशवी घातली होती. दिवसा ऊन, आत घाम; संक्रांतीला कोंब ओढला तर हातातच आला. बायको अजून टोमणे मारते.

थंडी ओसरली की गोणपाट लगेच सोडायला सांगा. आणि रोप कुंडीतलं असेल तर सरळ आत, कुंडीत मुळं लवकर गारठतात.